तेहरानच्या बायकांच्या डब्यात

तेहरान मेट्रोच्या गाडीला दोन्ही टोकांना बायकांचे राखीव डबे असतात. फलाटावर ‘वीझे-ये बानुवान’ अशी पाटी असते, तिच्याखाली जाऊन उभं राहायचं. मी गेली बावीस वर्षं डोंबिवलीहून दादरला शाळेत गणित शिकवायला लेडीज डब्यातून जाते, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या माहेरी आल्यासारखं वाटलं. तीच रेटारेटी, बसायला मिळालं की तसंच डोळे मिटणं, आणि तशाच विकणाऱ्या बायका. एकीच्या खांद्यावर मोज्यांचे गठ्ठे, दुसरीच्या हातात पुठ्ठ्यावर लावलेल्या केसांच्या क्लिपा. तिसरी बटाटा सोलून दाखवत होती, सालकाढणं विकण्यासाठी. ‘खानूम-हा!’ अशी हाक. खानूम म्हणजे बाई आणि ‘हा’ लावला की बायांनो.

फेब्रुवारीची थंडी हाडात शिरत होती. मी लोकरीच्या मोज्यांचा एक जोड उचलला आणि नोट पुढे केली. मोजेवालीकडे सुट्टे नव्हते. तिच्याकडे कार्ड घासायचं छोटं यंत्र होतं, कारण तिथे भाजीपासून रिक्षाच्या भाड्याएवढ्या किरकोळ रकमेपर्यंत सगळं कार्डावर चालतं. मी गोंधळून उभी, तेवढ्यात शेजारच्या विद्यार्थिनीने आपलं कार्ड घासलं आणि मोजे माझ्या हातात ठेवले. माझी नोट ती घेईना. ‘काबेल नदारे’, म्हणजे एवढं काय त्यात! याला तिथे ‘तारोफ’ म्हणतात. शिष्टाचाराने नाही म्हणायचं असतं, समोरच्याने दोन-तीनदा आग्रह करायचा असतो, मग घ्यायचं असतं. मी चारदा आग्रह केला, तरी तिने घेतली नाही. म्हणजे तिचं नाही हे खरंखुरं नाही होतं.

तिच्याच मदतीने मोजेवालीशी बोलले. दोन मुलं, नवऱ्याचं काम सुटलेलं, स्वतःकडे हिशेबशास्त्राची पदवी. पुढच्या स्टेशनवर तिने दारातून मान बाहेर काढून दोन्हीकडे पाहिलं आणि माल झटकन पिशवीत घातला. विक्रीला परवानगी नाही ना. पदवी असलेली बाई मेट्रोत मोजे का विकते, या प्रश्नाचं उत्तर तिथल्या आकड्यांत आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इराणच्या विद्यापीठांत कित्येकदा निम्म्याहून जास्त मुली होत्या, पण कमावत्या कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायका साधारण सातांत एक. शिकायचं दार उघडं आणि पुढच्या खोलीला कुलूप. ही गोष्ट डोक्यात ठेवून तेहरान पाहिलंत तर वेगळंच शहर दिसतं. आम्ही नणंद-भावजया तेच ठरवून गेलो होतो. राजवाडे कमी, बायकांनी घडवलेल्या जागा जास्त.

आधी जाण्याबद्दल. आम्ही ११ ते २० फेब्रुवारी २०२५ असे गेलो. त्या वेळी विमानाने जाणाऱ्या भारतीय पर्यटकाला १५ दिवसांसाठी व्हिसा लागत नव्हता. ती सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबवली गेली, म्हणून आता जुन्या वृत्तांतांवर विसंबून तिकीट काढू नका. शिवाय आम्ही परतल्यावर चार महिन्यांत, जून २०२५ मध्ये, तेहरानवर बारा दिवस बॉम्ब पडले. ज्यांच्या घरी चहा प्यायलो त्यांचे फोन लागत नव्हते, ते दिवस मी विसरणार नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची इराणविषयीची ताजी सूचना वाचा आणि ‘जाऊ नका’ असं असेल तर खरोखर जाऊ नका. वाट पाहा, तोवर फारसी शिका. आपल्याला ती निम्मी येतेच. बाजार, दुकान, हप्ता, हजार, जमीन, पसंत हे सगळे शब्द तिथूनच आले, आणि आपला ‘पेशवा’ही.

डोक्यावरच्या रुमालाचं काय, हे प्रत्येक मैत्रिणीने विचारलं. कायदा आजही सांगतो की केस झाका, परदेशी बाईनेही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा झिना अमिनी ही बावीस वर्षांची कुर्द मुलगी याच कारणावरून ताब्यात घेतली गेली आणि कोठडीत असताना दगावली. त्यानंतर ‘झन, झेंदेगी, आझादी’ (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) म्हणत देश रस्त्यावर उतरला. आम्ही गेलो तेव्हा आणखी कडक कायदा मंजूर होऊन डिसेंबर २०२४ मध्ये अंमलाआधीच थोपवून धरलेला होता. प्रत्यक्षात उत्तर तेहरानात दर तीन-चार बायकांमागे एकीचे केस मोकळे दिसायचे आणि तिच्याच शेजारून काळी चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचं वस्त्र, घेतलेली आई तिचा हात धरून चालायची. हे दृश्य मी रोज पाहिलं.

तुम्ही मात्र ओढणी जवळ ठेवाच. पंजाबी ड्रेस, लांब कुडता आणि ओढणी हा आपला रोजचा वेश तिथे अगदी चालतो, वेगळं काही शिवायची गरज नाही. आणि एक कळकळीचं सांगणं. केस न झाकलेल्या मुलीचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नका आणि विचारून काढला तरी समाजमाध्यमांवर टाकू नका. आपल्यासाठी ती आठवण असते, तिला त्यापायी समन्स येऊ शकतं. या लेखात मी कुणाचं नाव, कॉलेज, गल्ली लिहिलेली नाही ती त्यासाठीच.

पहिल्या दिवशी बहारेस्तान स्टेशनला उतरून नेगारेस्तान बागेत गेलो. काजार राजघराण्याच्या काळातल्या या बागेतल्या एका इमारतीत आरशांच्या कलाकार मुनीर शाहरुदी फरमानफरमायान यांचं संग्रहालय आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ते उघडलं तेव्हा एकाच स्त्री-कलाकाराला वाहिलेलं इराणमधलं ते पहिलं संग्रहालय होतं. मुनीर तेव्हा पंचाण्णव वर्षांच्या होत्या आणि स्वतः हजर होत्या. जन्म काझवीनचा, १९२२ चा. न्यूयॉर्कमध्ये शिक्षण, मग परत येऊन काम, मग १९७९ च्या इस्लामी क्रांतीत घर आणि चित्रसंग्रह गेला, पंचवीस वर्षं परदेशात काढली आणि ऐंशी ओलांडल्यावर तेहरानला परतून पुन्हा आरशांचं काम सुरू केलं.

आईने-कारी म्हणजे आरशाचे बारीक तुकडे कापून भिंतीवर नक्षीत बसवणं. दर्ग्यांमध्ये आणि राजवाड्यांत ते शतकानुशतकं होत आलं, पुरुष कारागिरांच्या हातून. शिराझच्या शाहचेराग दर्ग्यात त्या झगमगाटात बसून मुनीर यांना रडू आलं होतं, आणि तिथून त्यांनी ही कला दर्ग्या-राजवाड्यांबाहेर आणली. मी एका षट्कोनापुढे किती वेळ उभी होते मला आठवत नाही. त्रिकोणापासून सुरू करून चौकोन, पंचकोन, षट्कोन असं वर्तुळात बसवत जायचं, ही त्यांची पद्धत. फळ्यावर मी जे खडूने करते तेच, इथे काचेत. जवळ गेलं की प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात बसवलेला दिसतो. त्यामुळे आपला चेहरा एकसंध कधी दिसतच नाही. एका तुकड्यात माझी भुवई, शेजारी नणंदेच्या ओढणीची लाल किनार, खाली खिडकीतलं झाड. आणि मी श्वास घेतला तरी सगळं हलायचं. इथे दोन तास ठेवा. गर्दी नसते, सकाळच्या उन्हात जा.

दुपारनंतर मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनीने शहीद हकानी स्टेशन गाठा आणि पुल-ए-तबियत, म्हणजे निसर्गपूल, बघा. दोन बागा एका मोठ्या हमरस्त्याने तोडलेल्या आहेत, त्यांना जोडणारा हा २७० मीटरचा पादचारी पूल लैला अरागियान हिने रेखला. स्पर्धेत तिचा आराखडा निवडला गेला तेव्हा ती पंचविशीतली विद्यार्थिनी होती. २०१४ मध्ये पूल खुला झाला आणि २०१६ मध्ये त्याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पूल मुद्दाम वळणाचा ठेवलाय, या टोकाहून ते टोक दिसत नाही, म्हणून माणूस भराभर पलीकडे जात नाही, रेंगाळतो. बसायला बाक आहेत, खाली चहाची दुकानं आहेत, उत्तरेला अल्बुर्झच्या डोंगरांवरचा बर्फ. खालून गाड्यांच्या सहा-सात रांगा धावत असतात आणि वर आजी-आजोबा सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले.

तिथेच दोन मुली भेटल्या. पाठीवर तायक्वांदोच्या बॅगा होत्या. मी पॅरिस ऑलिंपिकचा विषय काढताच त्या खुलल्या. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगितली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. किमिया अलीझादेह हिने २०१६ मध्ये रिओला कांस्य जिंकलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली इराणी स्त्री, वय अठरा. २०२० मध्ये तिने देश सोडला. टोकियोत ती निर्वासितांच्या संघातून उतरली आणि पहिलीच लढत पडली ती इराणच्या नाहिद कियानीशी, जिच्याबरोबर ती एकाच संघात वाढली होती. किमिया जिंकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये पुन्हा त्या दोघीच समोरासमोर. किमिया आता बल्गेरियाकडून. या वेळी नाहिद जिंकली, थेट अंतिम फेरीत गेली आणि रौप्य घेतलं. इराणी स्त्रीचं ते पहिलं ऑलिंपिक रौप्य. किमियाला त्याच वजनगटात कांस्य मिळालं. दोघी एकाच वेळी पदक घेऊन उभ्या, झेंडे दोन. आदल्याच दिवशी मोबिना नेमतझादेह हिनेही कांस्य मिळवलं होतं. ‘तुम्ही कुणाच्या बाजूच्या?’ असं मी विचारलं. मोठी म्हणाली, ‘दोघींच्या. आम्ही घरी दोनदा रडलो.’

फुटबॉलच्या मैदानाचा विषय त्यांनीच काढला. क्रांतीनंतर जवळजवळ चाळीस वर्षं बायकांना पुरुषांचे सामने मैदानात बसून बघता येत नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला आझादी स्टेडियममध्ये साडेतीन हजारांच्या आसपास तिकिटं बायकांना मिळाली. इराणने चौदा गोल केले. धाकटी तेव्हा लहान होती, पण तिची मावशी त्या गर्दीत होती म्हणे, आणि सामन्यापेक्षा गवताचा हिरवा रंग तिला आठवतो. टीव्हीवर तो कधी एवढा हिरवा दिसला नव्हता.

गणिताच्या शिक्षिकेने तेहरानला जाऊन मरियम मिर्झाखानीला नमस्कार न करता परतणं शक्यच नव्हतं. ती जिथे शिकली त्या शरीफ विद्यापीठाच्या आवारात बाहेरच्यांना सहज सोडत नाहीत, तिथे वेळ घालवू नका. त्यापेक्षा तेहरान विद्यापीठासमोर एन्गेलाब रस्त्यावर पुस्तकांच्या दुकानांची रांग आहे, आपल्या अप्पा बळवंत चौकासारखी, तिथे जा. एका दुकानात मुलांसाठी लिहिलेलं तिचं चरित्र मिळालं. मुखपृष्ठावर आखूड केसांची, हसणारी. मरियम १९७७ ची. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिला गणितात कमी गुण मिळाले होते आणि बाईंना वाटलं होतं, हिला गणित जमणारं नाही. पुढे १९९४ आणि १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये तिने सुवर्ण मिळवलं, दुसऱ्या वर्षी पैकीच्या पैकी गुणांनी. २०१४ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च सन्मान, घेणारी ती जगातली पहिली स्त्री. त्या पहिल्या बाईंचा विचार माझ्या मनातून जात नाही. मीसुद्धा वर्गात किती जणींबद्दल असं मनात ठरवून टाकलं असेल!

ती २०१७ मध्ये कर्करोगाने गेली, वय चाळीस. तिच्या जाण्यानंतर घडलेली एक गोष्ट पदकाएवढीच मोठी आहे. तिचा नवरा चेक, त्यामुळे मुलीला आईकडून इराणी नागरिकत्व मिळत नव्हतं. हा प्रश्न हजारो बायकांचा होता, विशेषतः अफगाण नवरा असलेल्यांचा. त्यांच्या मुलांना शाळेच्या दाखल्यापासून अडत होतं. मरियमच्या लेकीमुळे ती चर्चा पुन्हा पेटली आणि २०१९ मध्ये कायदा बदलला. दुकानदारबाईंनी हे सगळं मला पुस्तक बांधता बांधता सांगितलं.

तेहरानहून यझ्दला रेल्वेने गेलो. चार शायिकांचा कूपे असतो आणि तिकीट काढताना फक्त बायकांचा कूपे मागता येतो, तो मागाच. यझ्दच्या अग्निमंदिराच्या इमारतीला मुंबईच्या पारशांनी पैसा दिला, १९३४ साली ती उभी राहिली. आपल्या इराणी हॉटेलांचे कितीतरी मालक याच भागातले. इराणमध्ये २०११ पासून झरतुश्ती, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, बायकांनाही धर्मविधी करायला ‘मोबेदयार’ म्हणून दीक्षा मिळते. शिराझला बसने सहा-सात तास. तिथे फारसी कवी हाफिजच्या समाधीवर सगळे जातात, तुम्हीही जा, पण जाताना जहान मलिक खातून हे नाव लक्षात ठेवा. हाफिजच्याच काळातली, चौदाव्या शतकातली शिराझची राजकन्या, हजाराहून अधिक गझला मागे ठेवलेली. तिच्या नावाची समाधी नाही. शाहचेरागमध्ये दारात चादोर देतात आणि परदेशी पाहुण्यांसोबत मार्गदर्शक देतात. तपासणी कसून होते, मोठी बॅग हॉटेलवर ठेवा.

पैशांचं नीट लक्षात घ्या. आपलं कुठलंही कार्ड तिथे चालत नाही. सगळ्या प्रवासाचे डॉलर किंवा युरो रोख न्या, घडी न पडलेल्या नोटा, आणि थोडे थोडे बदला. नोटेवर रियाल छापलेले असतात, बोलतात मात्र तोमानमध्ये, म्हणजे एक शून्य कमी. आम्ही गेलो तेव्हा डॉलरला नव्वद हजार तोमानच्या आसपास मिळत होते, तो भाव नंतर आणखी घसरला. तिथे बऱ्याच साइटी आणि ॲप सरकारने बंद ठेवलेले असतात, तेव्हा फोनमध्ये तो फिल्टर चुकवणारं ॲप (व्हीपीएन) भारतातूनच भरून न्या. व्हॉट्सॲप डिसेंबर २०२४ मध्ये खुलं झालं होतं, इन्स्टाग्राम नव्हतं. हॉटेलवाले पासपोर्ट ठेवून घेतात, छायाप्रत जवळ असू द्या. शाकाहारी असाल तर ‘बेदूने गूश्त’ म्हणजे मांस नको, हे शब्द पाठ करा. आश-ए-रेश्ते ही कडधान्य-पालेभाजी-शेवयांची दाट आमटी, डाळभात म्हणावा असा अदस पोलो आणि गरम खड्यांवर भाजलेली संगक रोटी यांवर आम्ही दहा दिवस आनंदात काढले. आमटीत मांसाचं पाणी नाही ना, हे मात्र विचारा. त्या हिवाळ्यात गॅस आणि विजेची टंचाई होती, कचेऱ्या आणि शाळा मधूनच बंद राहायच्या, तेव्हा हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. भेट म्हणून काचेच्या बांगड्या आणि टिकल्यांची पाकिटं न्या. मेट्रोतल्या विद्यार्थिनीला मी टिकली लावली, ती तिने दिवसभर ठेवली होती, संध्याकाळी फोटो पाठवला.

आता झहीर-ओद-दौले. ताजरीश स्टेशनच्या वर, दरबंदच्या वाटेवर एका गल्लीत हे छोटं जुनं कब्रस्तान आहे. फुरूग फरुखझाद इथे आहे. बत्तिसाव्या वर्षी, फेब्रुवारी १९६७ मध्ये, मोटार अपघातात गेलेली कवयित्री. बाईने स्वतःच्या देहाबद्दल, इच्छेबद्दल ‘मी’ म्हणून लिहायचं, हे फारसीत तिने केलं, आणि त्याची किंमत मुलाचा ताबा गमावून मोजली. १९६२ मध्ये तिने तबरीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत बारा दिवस राहून माहितीपट केला आणि परतताना तिथल्या दांपत्याचा मुलगा दत्तक घेऊन आली. आम्ही बुधवारी सकाळी गेलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. चूक आमची. ते दिवसभर उघडं नसतं, हॉटेलमधून फोन करून वेळ विचारून जायला हवं होतं. परतीच्या दिवशी, गुरुवारी दुपारी, बॅगा हॉटेलच्या कट्ट्यावर ठेवून पुन्हा गेलो. उघडं होतं.

फुरूगच्या दगडावर तिच्याच ओळी कोरलेल्या आहेत. कुणीतरी नर्गिसची फुलं ठेवली होती. थोडं पुढे कमर-ओल-मुलूक वझीरीची कबर आहे. १९२४ मध्ये तेहरानच्या ग्रँड हॉटेलात ती बुरख्याशिवाय रंगमंचावर उभी राहून गायली, तसं करणारी पहिली. साधारण आपल्या हिराबाई बडोदेकरांच्या पिढीची. १९७९ नंतर इराणमध्ये पुरुष श्रोत्यांसमोर बाईने एकटीने गाणं बंद झालं, ते आजही बंद आहे. आम्ही जायच्या दोनच महिने आधी परस्तू अहमदी या गायिकेने प्रवाशांच्या एका जुन्या धर्मशाळेत केस मोकळे ठेवून, समोर एकही श्रोता नसताना मैफल केली, ती इंटरनेटवर लाखो लोकांनी ऐकली आणि तिला अटक झाली, मग सोडलं.

कमरच्या दगडाशी सत्तरीची एक बाई बसली होती. तपकिरी कोट, पायाशी भाजीची पिशवी, तिच्यातून मुळ्याची पानं बाहेर आलेली. तिने दगडावरची वाळकी पानं हाताने झाडली, बाटलीतलं पाणी ओतून दगड पुसला. मग गुणगुणायला लागली. आधी फक्त ओठांत. नंतर आवाज वर चढला, थोडा घोगरा, पण सुरात. शब्द मला कळत नव्हते. रखवालदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन आमच्याकडे येत होता, बंद करायची वेळ झाली होती. तो दहा पावलांवर थांबला. जुडगा त्याने मुठीत आवळून धरला, आवाज होऊ नये म्हणून, आणि सुरूच्या झाडाला टेकून उभा राहिला. तिचं गाणं संपेपर्यंत तो हलला नाही.